घरचं धरायचं नसतं

अहो, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. कंटेनर वळतात तिथं, सलीमभाईच्या गॅरेजच्या वर. फोटो तो फेट्यातला, भाचीच्या लग्नातला. खाली लिहिलंय, ‘आदर्श दूध उत्पादक’. आणि त्याखाली, ‘दूधधंदा परवडतो हे ज्यांनी करून दाखवलं’. मी दळण घेऊन चक्कीवर निघाले होते, तिथंच थांबले. डोक्यावर डबा तसाच, आणि सगळं वाचून काढलं. म्हटलं, अगं बाई! करून कुणी दाखवलं म्हणे?

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी कुठं कुणाजवळ बोलतेय? मी तुमच्याशीच बोलतेय. इतकी वर्षं बोलत होते तेव्हा तुमचा एक कान गोठ्यात असायचा आणि दुसरा रस्त्यावर. आता कुठं जाल? भिंतीवर टांगलंय तुम्हाला, हार घालून. ऐका आता.

त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणालात. मी म्हटलं, सचिनला उठवते, गाडी काढू दे, दवाखान्यात जाऊ. तुम्ही किटल्यांची झाकणं लावत होतात. “रतीब घालून येतो, मग जाऊ. लोकांची पोरं दुधाची वाट बघत असत्यात.” लोकांची पोरं! अहो, दुकानात पिशवीचं दूध मिळत नाही का त्यांना? एक दिवस पिशवीचं पिऊन कुणाचं पोर मेलं असतं? पण तुम्ही कुणाचं ऐकाल तर शपथ. गेलात, खोल्याखोल्यांतून फिरलात, टॉवरच्या गेटवर गेलात, एका गिऱ्हाईकाचं दूध चुकवलं नाहीत, आणि घरी येऊन ओट्यावर टेकलात ते टेकलातच. किटल्या रिकाम्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

मला रडू येतं त्याआधी राग येतो, खरं सांगते. बायका येऊन गळ्यात पडायच्या, “रड बाई, मोकळी हो,” आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या किटल्या. सगळ्यांचं माप भरलंत. दवाखान्यात जायला तेवढा वेळ पुरला नाही.

‘परवडतं’ हा तुमचा लाडका शब्द. पारावर परवडतं, लग्नाच्या पंगतीत परवडतं, सलीमभाईच्या बाकड्यावर परवडतं. कंपनीतून ब्रेक देऊन काढलेली पोरं तुमच्याकडं यायची, तोंडं उतरलेली. “आप्पा, म्हशी घेऊ का?” तुम्ही मांडीवर थाप मारून सांगायचात, “घे की मर्दा! करणाऱ्याला परवडतं.” मग बोटं मोडत हिशेब. पेंडीचे एवढे, भुशाचे एवढे, डॉक्टरचे एवढे. दुधाचे आले एवढे. उरलं का न्हाई? पोरगं खूष. मी आतून चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, “वैरण कुठंय ह्यात? पाणी? शेण काढतं ते कोण, धार काढतं ते कोण?” तुम्ही पोराकडं बघून हसायचात. “आगं, ते घरचं हाय. घरचं धरायचं नसतं.”

घरचं धरायचं नसतं. ही तुमची गीता. पैसे मोजून आणलं तो खर्च, आणि घरातून ओढलं ते देवानं दिलेलं. रानातला लसूणघास घरचा, विहीर घरची, कडबा घरचा आणि बायकोही घरचीच. मग परवडायला काय झालंय? असा हिशेब धरला तर हत्तीसुद्धा परवडेल दावणीला. आणि तुम्ही एकटेच नाही हो. सगळं गाव असंच मोजतं. जमीन निम्मी कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर कुणी कांदा करतं, कुणी कोंबड्या, कुणी म्हशी, आणि प्रत्येकाच्या घरी एक बाई असते जी कुठंच धरलेली नसते.

आठवतंय, माझ्या अंगठ्याचं दाखवायला गेलो होतो? धारा काढून काढून अंगठा असा वाकलाय की सकाळी मूठ मिटत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काम करता? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगितलंत, “काय न्हाई, घरीच असती.” घरीच असते! पहाटे उठून गोठा, दोन वेळच्या धारा, वैरणीचे भारे, कुट्टीचं मशीन, किटल्या घासायच्या गरम पाण्यानं, आणि मी घरीच असते. मी त्या बाईंच्या टेबलावरचा रबराचा शिक्का बघत बसले. म्हटलं उठावा आणि तुमच्या कपाळावर मारावा.

आणखी एक सांगते, चारचौघांत कधी बोलले नाही ते. मागं चार खोल्या काढल्यात ना आपण, कंपनीतल्या पोरांना द्यायला? लातूरची पोरं, बीडची पोरं. दर महिन्याला भाडं आलं की तुम्ही तेच घेऊन पेंडीच्या दुकानात जायचात. पोती गोठ्यात उतरायची. म्हशी आपल्याला कुठल्या पोसत होत्या? भाडेकरू म्हशींना पोसत होते. पण ते तुमच्या बोटांवर कधी आलं नाही. कारण काय? खोल्या घरच्या!

सलीमभाई तुमच्या मयतीला रडला हो. गॅरेज बंद ठेवून आला, आणि दारात उभा राहून म्हणाला, “वहिनी, आप्पांनी कधी दुधात पाणी घातलं न्हाई.” खरंय. नाही घातलंत. आणि मापावर थोडं वरचं ओतल्याशिवाय किटली उचलली नाहीत. एकट्या पोरांच्या खोलीत कुणी आजारी असलं तर अर्धं माप तसंच ठेवून यायचात. मला ते आवडायचं. हो, आवडायचं, आता सांगायला काय जातं? लग्न होऊन आले तेव्हा मापावरचं ते वरचं ओतणं बघूनच मला वाटलं होतं की माणूस दिलदार आहे. फक्त ते दूध जिच्या हातांनी निघत होतं तिच्या मापात कधी वरचं पडलं नाही. तिथं तुमचा हात बरोबर मापावर थांबायचा.

आणि ते हिरव्या पातळाचं. ते आठवलं की राग धरून ठेवता येत नाही, म्हणून आठवायचं नाही म्हणते, पण आठवतंच.

माझी आई घसरून पडली म्हणून मी माहेरी गेले होते, जुन्नरला. तेव्हा आपल्या ह्या चंद्री म्हशीची आई होती, गौरी. दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन. “अगं, गौरी पान्हा सोडंना.” मी म्हटलं, पेंडीचं अंबोण ठेवा पुढं, पाठीवरनं हात फिरवा. “फिरवला. लाथ मारती.” रेडकू लावा. “लावलं. त्याला पण हाकलती.” मी म्हटलं, मग बसा बोंबलत. आणि न सांगता सकाळची एसटी धरून आले. गोठ्यात येऊन बघते तर काय! तुम्ही म्हशीखाली बसलेले, अंगावर माझं हिरवं पातळ, डोक्यावर पदर, आणि पदरातून मिशा बाहेर. मनगटाला माझ्या बांगड्या दोऱ्यात ओवून बांधलेल्या, हातात चढेनात म्हणून. किणकिण वाजवत धार काढत होतात, आणि गौरी डोळे मिटून रवंथ करत उभी. मी दारातच खाली बसले हसत. तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात, “हसू नगंस, बिथरंल ती!” मग तुम्हीही हसलात, बादली सांडेपर्यंत.

मग पदर सावरत तुम्ही म्हणालात, “म्हशीला कळतंय बघ, घरात कामाचं कोण हाय ते.”

एवढंच. एकदाच. गोठ्यात, कुणी ऐकायला नसताना, आणि तेही माझं पातळ नेसून. हेच एक वाक्य चौकात म्हणाला असतात तर, डॉक्टरीणबाईंपुढं म्हणाला असतात तर, त्या ब्रेक दिलेल्या एखाद्या पोराला म्हणाला असतात तर? वाट बघितली मी. दरवेळी चहा घेऊन बाहेर यायचे तेव्हा वाटायचं, आज म्हणतील. तुम्ही चहा घ्यायचात आणि म्हणायचात, साखर कमी झालीय.

आपलं चिकावरनं भांडण तर राहूनच गेलं. म्हैस व्याली की पहिला चीक तुम्ही वाटायचात. भाऊबंदांत, भाडेकरूंत, सलीमभाईच्या घरी, शाळेतल्या बाईंना. टॉवरमधल्या मॅडम फोन करून करून थकल्या, “काकू, चीक द्या ना, काय घ्यायचे ते घ्या, हिंजवडीहून यांचे मित्र येणार आहेत, खरवस करायचाय.” मी म्हटलं, ह्यावेळी देऊ विकत. तुम्ही असं बघितलंत की जसं मी रेडकूच विकायला काढलंय. “चीक विकणाऱ्याच्या गोठ्यात बरकत ऱ्हात न्हाई.” मी म्हटलं, वाटणाऱ्याच्या गोठ्यात तरी कुठं राहिलीय, दाखवा मला. तुम्ही किटली उचलून चालते झालात. तुमचा हा नेहमीचा डाव. हरायला लागलं की रतीब.

आता नीट ऐका, कारण इथून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही.

तुमच्या तेराव्याला पंगत उठली, माणसं मांडवात बसली होती. सचिनचं कंपनीतलं काम तुमच्या डोळ्यांदेखतच सुटलं होतं, कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून. तर तुमचा लेक सगळ्यांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पांचं काम मी पुढं चालवणार. अजून दोन म्हशी घेतो. आप्पा म्हणायचे, करणाऱ्याला परवडतं.” सगळ्यांनी माना हलवल्या. तुमचे चुलतभाऊ नाना म्हणाले, “शाब्बास! बापाचं नाव राखलंस.” मग सचिन म्हणाला, “पूजा नोकरी सोडणार आहे. ती घरीच राहील, आईला हातभार.”

मी सुनेकडं, पूजाकडं बघितलं. पत्रावळी गोळा करत होती पोरगी. तिला हे माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं ते. अहो, ती कंपनीत पॅकिंगला जाते, उभं राहून पाय सुजतात तिचे, पण पहिल्या तारखेला तिच्या नावावर पगार पडतो. गळ्यात कार्ड अडकवून शिफ्टच्या बसला उभी राहते तेव्हा ती ताठ असते. मी ओट्यावरनं रोज बघते. आणि आता तुमच्या एका शब्दापायी ते कार्ड खुंटीला लागणार, आणि काही वर्षांनी कुठल्यातरी डॉक्टरीणबाईंपुढं माझा मुलगा सांगणार, काय न्हाई, घरीच असती. पूजा काही बोलली नाही. पत्रावळी उचलतच राहिली. मीही अशीच काही बोलले नव्हते.

मग मी बोलले. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडवात उभी राहून बोलले, सासऱ्यादिरांपुढं.

“म्हशी ठेवायच्या तर ठेव,” म्हटलं. “पण पूजा नोकरी सोडणार नाही. धार तू काढायची. शेण तू काढायचं. आणि घरातल्या ज्यानं कुणी गोठ्यात हात लावला त्याची मजुरी आधी बाजूला. वैरण रानातनं आली तरी बाजारभावानं धरायची. सगळं धरून उरलं तर परवडलं म्हण. नाही उरलं तर चाकणच्या बाजारात ने म्हशी.”

नाना म्हणाले, “वहिनी, आज तेरावा हाय. आप्पाच्या आत्म्याला काय वाटंल?”

म्हटलं, “त्यांच्यापुढंच बोलतेय. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे.”

सचिन चिडला. “आई, असं सगळं धरलं तर दुधाचा भाव कुठं जाईल कळतंय का? कोण घेईल?”

“जाईल तिथं जाऊ दे. लोकांना सांग खरा भाव. घेतील ते घेतील. आजवर जो भाव होता त्यात माझी मजुरी नव्हती, म्हणून स्वस्त होता. लोकांना वाटलं दूध स्वस्त आहे.”

मांडवातल्या बायका माझ्याकडं बघत होत्या, तोंडाला पदर लावून. पूजानं पत्रावळींचा ढीग खाली ठेवला आणि हात धुवायला गेली. नंतर नाना गावभर सांगत फिरले म्हणे, की वहिनीला धक्का बसलाय. बसलाच आहे.

त्याच आठवड्यात चंद्री व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. तुम्ही असतात तर नाचला असतात. सचिन बादली घेऊन बसला. चंद्रीनं पहिली लाथ बादलीला मारली, दुसरी त्याला. पारडी पाजली, अंबोण ठेवलं, गोंजारलं. छे! “आई, ये ना जरा,” म्हणाला. मी भिंतीला टेकून बसले होते. म्हटलं, मी येणार नाही. “अगं, कास दुखंल तिची!” मला ठाऊक होतं ते, त्याच्यापेक्षा जास्त. माझे हात शिवशिवत होते. मग मी दोरीवरनं माझं जुनं पातळ ओढलं आणि त्याच्या अंगावर टाकलं. “नेस. तुझ्या बापानं नेसलं होतं.”

तो बघतच राहिला. त्याला कुठं माहीत होतं? तुम्ही ते कुणाला सांगितलंच नव्हतं, लाज वाटायची ना! मी सांगितलं सगळं, मिशांसकट, बांगड्यांसकट. पूजा सेकंड शिफ्टला निघाली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती आणि हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. तिनं हातातल्या बांगड्या उतरवून नवऱ्याच्या मनगटाला बांधल्या आणि बसला पळाली. चंद्रीनं वास घेतला, मान हलवली आणि सोडला पान्हा. घट्ट पिवळाधमक चीक. लेक तुमचा पदराखाली रडत होता, मला वाटतं. मीही रडले तेव्हा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा नीट.

आता मुद्द्याचं. चीक मी विकला. आधी पारडीला पोटभर, मग विक्री. मॅडमला मीच फोन केला. पूजाच्या सुट्टीच्या दिवशी तीच टॉवरमध्ये घेऊन गेली, भाव सांगितला, कुणी कुरकुर केली नाही, वर आणखी मागणी आली. पैसे आणून तिनं माझ्यापुढं धरले. मी म्हटलं, तू नेलास, तू विकलास, ही तुझी मजुरी, ठेव. सचिन बघत होता. त्यानं नवा भाव सांगितल्यावर काही गिऱ्हाईकं तुटली, काही राहिली. सलीमभाई तर म्हणाला, “लावा की भाव, आमी पण स्पॅनर फुकट न्हाई फिरवत.” परवडतंय की नाही ते अजून कळायचंय. निदान आता विचारतो तरी आहे तुमचा लेक.

बरकत जायची असेल तर जाऊ दे. तिनं ह्या घरात माझं तोंड कधी बघितलं नव्हतं.

पण तुमचा जीव खरवसात. हे कुठं ठेवू मी? ताटलीतला शेवटचा तुकडा तुम्ही माझ्यासाठी म्हणून ठेवायचात आणि येता-जाता कोपरे खाऊन संपवायचात. काल पूजाला म्हटलं, उरलेल्या चिकातला तांब्याभर मला दे. तिनं भरून दिला. मी कमरेची पिशवी काढली तर म्हणते, “आई, तुमच्याकडून कसले पैसे? घरचंच तर आहे.”

मी तिचा हात धरला आणि पैसे तिच्या मुठीत कोंबले. म्हटलं, “हे वाक्य ह्या घरात पुन्हा बोलायचं नाही.”

मग खरवस केला. गूळ घालून, जायफळ जरा जास्त, तुम्हाला लागतं तसं. वड्या पाडल्या आणि पहिली ताटली तुमच्या फोटोपुढं ठेवली. खा. कोपरे आधी खा, सवय आहे तुमची. फक्त एवढं ध्यानात ठेवा, हा घरचा नाही. मी विकत आणलाय तुमच्यासाठी.